कपारआबांचा दिवा

कपारआबांविषयी मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. घरात माझ्या जंगलखात्यातल्या नोकरीच्या गप्पा निघाल्या की मी बिबट्याच्या गोष्टी सांगायचो, वणव्याच्या सांगायचो, साहेबांची जीप नाल्यात अडकल्याची सांगायचो. कपारीचा विषय येतोय असे वाटले की पाणी प्यायला उठायचो. आता पंच्याऐंशी उलटली. चटकन उठताही येत नाही. ज्यांना भीत होतो ते साहेबही कधीच गेले, पण भीती गेलेली नाही. म्हणून निदान लिहून ठेवतो.

आबांना मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा ते डोंगराला गाल लावून उभे होते. अजिंठ्याच्या डोंगररांगेत, दाट सागाच्या जंगलात, काळ्या कातळात एक नैसर्गिक गुहा होती. माणसाने कोरलेली नव्हे, त्यामुळे तिला कुणी लेणे म्हणत नसे. वाडीतले लोक ‘कपार’ म्हणत आणि खात्याच्या पगारावर तिची राखण करणाऱ्या या उंच, हडकुळ्या धनगराला कपारआबा. मी नवा वनपाल, औरंगाबादहून बदलून आलेलो. आबांनी माझ्याकडे वळूनही पाहिले नाही. खांद्यावरच्या घोंगडीतून लोकरीचा एक धागा उपसला, काडीला बांधला आणि कपारीच्या तोंडाशी धरला. धागा बाहेरच्या बाजूला हलू लागला. मग ते म्हणाले, “श्वास सोडतीय. आज भेटंल. या साहेब.”

उन्हाळ्यात कपार गार हवा बाहेर टाकते आणि थंडीत आत ओढते, हे मला आबांनी शिकवले. धागा मुळीच हलत नसेल त्या दिवशी ते कुणालाही आत सोडत नसत. “आज ती कोंडलीय,” एवढेच म्हणत आणि दगडावर बसून राहत. वाडीत यावरून चेष्टा चाले. किसन नावाचा आमचा रोजंदारीवरचा मजूर होता, तिशीतला, दोन लेकरांचा बाप, तोंडाने भारी चालू. तो लांबूनच ओरडायचा, “काय आबा, घरवाली रुसली काय आज?”

“रुसली नाय रं, घोरतीय. तुझ्यासारकी.”

“मंग उठवू का?”

“उठव की. खाती का ठिवती ते बगू.”

आबांची दुसरी सवय दिव्याची. आत जाताना तेलाचा छोटा दिवा ते हातात उंच धरत नसत, गुडघ्याच्या खाली धरत. उजेड पायांपुरताच पडे आणि वरचा सगळा अंधार डोक्यावर येऊन बसे. मी पहिल्यांदा त्यांच्यामागे गेलो तो असाच चाचपडत. छतावर हजारो वटवाघळे लटकलेली, त्यांची चुळबुळ, पायाखाली मऊ विष्ठा, नाकात झोंबणारा वास. दुसऱ्या वळणापलीकडे वाट खाली उतरत होती. तिथे दिव्याची ज्योत एकाएकी बारीक झाली आणि निळसर पडली. मला काही कळायच्या आत आबांनी माझा पट्टा धरून मागे खेचले.

बाहेर आल्यावर ते म्हणाले, “वाईट हवा पायापाशी बसती साहेब. नाकाला कळाया येळ लागतो. दिव्याला आदी कळतं.”

चैत्र-वैशाखात ते कुणालाच, अगदी मलाही, वळणापलीकडे जाऊ देत नसत. “आत बाळंतिणी हायत,” म्हणत. पिल्ले पोटाशी घेतलेल्या वाघळ्या दचकल्या तर पिल्ले खाली पडतात, एवढाच त्याचा अर्थ; पण ते असे म्हणत की माणूस आपोआप हळू बोलू लागे. कपारीच्या पोटातल्या डोहाचे पाणी खाली झऱ्याला येत असे आणि सगळी वाडी तेच पाणी पीत असे. म्हणून आत थुंकायचे नाही, विडी ओढायची नाही, जाळ तर मुळीच करायचा नाही.

पण जाळ करणारे येत. निजामाविरुद्धच्या पोलीस ॲक्शनच्या वेळी कुणा जहागीरदाराने पळताना सोन्याचे हंडे याच कपारीत पुरले, अशी आवई त्या भागात उठली होती. वर्षे लोटली तरी ती विझली नव्हती. शहरातून टोळ्या येत, पहारी घेऊन आत शिरत, मशाली पेटवत, भिंती फोडत. एकदा तर त्यांनी आबांना झाडाला बांधून घातले. कपार बंद करा, असा वरून हुकूम आला तो यामुळे. हुकूम चांगल्यासाठीच होता. तो कसा पाळायचा हे माझ्यावर सोपवले होते.

आधी मी दिवा बंद केला. एका पाहणीत वरिष्ठ साहेबांनी छतावरच्या काजळीकडे बोट दाखवून मला चार माणसांत झापले होते. काजळी टोळ्यांच्या मशालींची होती, हे मला माहीत होते. सांगायची हिंमत झाली नाही. मी आबांना तोंडी हुकूम दिला, यापुढे आत तेलाचा दिवा न्यायचा नाही, आणि कचेरीतून मंजूर झालेली बॅटरी त्यांच्या हातात ठेवली. आबांनी ती उलटसुलट करून पाहिली. बटण दाबले, बंद केले, परत दाबले.

“ही विझत नाय व्हय कशानं?”

“नाही आबा. वारा असो, पाणी असो.”

“मंग हिचा काय उपेग?”

किसन हसला. मीही हसलो.

मग दार. आबा चार वेळा माझ्या मागे आले. “जाळी लावा साहेब. आडवे गज लावा. वाघळं निगतील, हवा निगंल. पत्रा नका लावू. पत्र्यानं ती मरंल.” मी शहरातल्या लोहाराकडे चौकशी केली. गजांच्या दाराला महिना लागणार होता. जाड पत्रा तयार होता. साहेबांची पुढची पाहणी तोंडावर आली होती. मी पत्र्याचे दार बसवले, वर चार बोटे फट ठेवली आणि कुलूप लावून किल्ली माझ्या खिशात ठेवली. वाघळे त्या फटीतून ये-जा करतील, असे मी स्वतःला सांगितले. पहिल्या काही दिवसांत दारामागून पंख आपटल्याचे आवाज येत. नंतर ते थांबले. आबा रोज दारापाशी जाऊन फटीला धागा धरत आणि माझ्याकडे बघत. मी त्या वाटेने जायचे सोडले.

साहेब येणार त्या दिवशी सकाळी मी कुलूप काढले. दार उघडताच जो वास आला तो अजून कधीकधी जेवताना येतो. पत्र्यामागे मेलेल्या वाघळांचा खच पडला होता. तो साहेबांच्या नजरेस पडला तर माझे काय होईल, एवढेच मला दिसत होते.

आबांनी धागा धरला. तो सरळ खाली लोंबत राहिला. “आज कुनीच आत जायाचं नाय,” ते म्हणाले. “दोन दिस उघडं ऱ्हाऊ द्या. मंग मी दिवा घिऊन बगतो.”

“दोन दिवस? साहेब दोन तासांत येतायत, आबा.”

“मंग मला आत्ताच दिवा न्हेऊ द्या.”

“दिवा नाही म्हटलं ना! बॅटरी आहे.”

मी किसनला हाक मारली. फावडे, टोपले आणि बॅटरी घेऊन त्याने वळणापर्यंतची घाण काढून आणायची होती. आबा त्याच्या आडवे उभे राहिले. मी त्यांना दंडाला धरून बाजूला केले. हो, मीच. किसन नाकाला पटका गुंडाळत म्हणाला, “घरवालीला काय निरोप सांगू का, आबा?” आणि आत गेला.

उजेड आत सरकत गेला. वळणाशी खाली झुकला. मग थांबला. आम्ही वाट पाहिली. फावड्याचा आवाज नाही, हाकेला ओ नाही. उजेड मात्र तसाच होता, भिंतीवर एका जागी, जराही न हलणारा. तेलाचा दिवा असता तर कधीच विझला असता, आणि किसन मागे फिरला असता. ती बॅटरी विषारी हवेत छान जळत होती.

आबांनी कमरेला दोर बांधला, दुसरे टोक माझ्या हातात दिले, छातीत दम भरला आणि पळत आत शिरले. मी दोर धरून उभा होतो. आत पाऊल टाकायचे माझ्या मनातही आले नाही. ते किसनला काखेत धरून ओढत बाहेर आले आणि तोंडावर पडले, ओकले, कितीतरी वेळ धापा टाकत राहिले. किसन उठला नाही. संध्याकाळी त्याला वाडीत नेले तेव्हाही आतला उजेड दिसत होता.

चौकशी लागली. टिपण मी लिहिले. ‘राखणदाराने दिव्याने हवेची खात्री करून न घेता मजुराला आत जाऊ दिले.’ दिव्याची बंदी तोंडी होती, कागदावर कुठेच नव्हती. किसन नव्हता. आबांना वाचता येत नव्हते. अंगठा उमटवण्याआधी त्यांनी विचारले, “काय लिव्हलंय साहेब?”

“जे घडलं ते.”

“किसनाचं नाव नीट लिव्हलंय ना?”

“हो.”

त्यांनी अंगठा दिला. महिनाभरात त्यांना कामावरून काढल्याचा कागद आला; कारण म्हणून त्यात माझ्या टिपणातले तेच वाक्य होते. किसनची बायको त्यांच्या झोपडीपुढे येऊन आक्रोश करत होती, “दिवा का नाय धरला आबा? समद्यांसाठी धरायचा, माज्याच मानसासाठी का नाय?” आबा काही बोलले नाहीत, असे मला इतरांनी सांगितले. मी तिथे गेलो नव्हतो. पुढच्या पावसाच्या आत ते मेंढरे घेऊन करमाडकडे लेकीच्या गावी निघून गेले.

कपारीला नंतर गजांची जाळी बसली. ती सूचना फाइलमध्ये माझ्या नावावर आहे. त्याबद्दल मला शाबासकीही मिळाली. दोन-तीन वर्षांनी वाघळे परत आली.

वीसेक वर्षांनी मी करमाडला गेलो. खरे सांगायचेच, असे ठरवून गेलो होतो. आबा कडुनिंबाखाली बाजेवर बसले होते. डोळे गेले होते. मी नमस्कार म्हणालो आणि त्यांनी आवाजावरून ओळखले.

“फारेस्टसाहेब! बसा, बसा. जाळी लावली म्हनं तुमी?”

“लावली, आबा.”

“सोडती का श्वास?”

“सोडते.”

“लई ब्येस झालं.” नात चहा ठेवून गेली. ती आत गेल्यावर आवाज खाली आणून ते म्हणाले, “किसनाचं माज्या हातून झालं साहेब. मला वाटायचं, तुमी दिवा नको म्हनले व्हते. लई वर्सं तसंच वाटायचं. मंग ही नात शाळंत जाया लागली. तिनं त्यो कागद वाचून दावला. त्यात तसं नाय. त्यात लिव्हलंय, म्याच दिवा धरला नाय. साहेबानं लिव्हलंय मंजी तसंच आसंल. मानसाचं ध्यान काय खरं नसतं.”

आमच्यात हातभर अंतर होते. माझी नोकरीची थोडीच वर्षे उरली होती. घरातून नातीची चाहूल लागत होती; तिला ऐकू गेले तर, तिने गावात सांगितले तर, कुणी अर्ज केला तर, असे सगळे एका क्षणात डोक्यातून गेले. मी चहा प्यायलो आणि म्हणालो, “जाऊ द्या आबा. जुनं कशाला काढायचं?”

त्यांनी मान हलवली आणि अंदाजाने चाचपडत माझ्या हातावर हात ठेवला. मलाच धीर देत होते.

पुढच्या खेपेला नक्की सांगेन, असे म्हणत मी परतलो. ती खेप झाली नाही. वर्षाच्या आत आबा गेल्याचे कळले. आपण एका माणसाला मरू दिले, असे मानूनच ते गेले.

किसनचा नातू शेंद्र्याच्या कारखान्यात आहे, एवढा पत्ता मी काढला आहे. हे लिखाण पहिल्यांदा त्याच्या हातात देणार आहे. तो काय म्हणेल, या विचाराने झोप लागत नाही. पण तो निदान ऐकायला आहे. ज्या माणसाला हे त्या कडुनिंबाखाली ऐकायचा हक्क होता, त्याला मला फार थोडे सांगायचे होते:

आबा, तुमचं ध्यान खरं होतं. दिवा नेऊ नका असं मीच म्हणालो होतो, आणि तुम्ही आडवे आलात तेव्हा मीच तुम्हाला बाजूला केलं. कागद खोटा आहे. तो मी लिहिला. मला माफ करा.