लॅबवाले डॉक्टर आणि दादाचं रक्त

सोलापूरच्या उन्हाळ्याचाही मी घेतला नसेल एवढा धसका आमच्या गल्लीतल्या लॅबवाल्या डॉक्टरांचा घेतला होता, आणि माझ्या घरावर त्यांच्याएवढे उपकारही दुसऱ्या कोणी केले नाहीत. दोन्हींचं कारण एकच: या गृहस्थांना समोरच्याच्या चेहऱ्यापेक्षा त्याच्या आतड्यात जास्त रस होता. रक्त-लघवी तपासणं हा त्यांचा व्यवसाय. पण लॅबला कुलूप लागलं तरी व्यवसाय चालूच. एका लग्नात ऐन जिलेबीच्या वेळी त्यांनी शेजारी बसलेल्या वरबापाला विचारलं, "शौचाला साफ होतं ना? रक्तबिक्त?" वरबापाचा हात जिलेबीवरच थांबला. ते येताना दिसले की भलीभली माणसं बोळात शिरत. सायकल होती, पण ते ती ढकलतच नेत; बसलं की गप्पा मारता येत नाहीत, अशी त्यांची तक्रार. परदेशी वैद्यकीय मासिकं त्यांच्याकडे जहाजानं, महिनोन्महिने उशिरा येत. ती जेवताना वाचायची सवय असल्यामुळे पानापानावर शेंगाचटणीचे डाग.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. अशाच एका डागाळलेल्या पानावर त्यांना एक प्रथिन भेटलं. गर्भातल्या बाळाच्या आतड्यात ते असतं, जन्मानंतर जवळजवळ नाहीसं होतं, आणि मोठ्या आतड्याचा कॅन्सर झाला की पुष्कळदा रक्तात पुन्हा वाढतं. डॉक्टर हरखून गेले. भाजीवालीपासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांना त्यांनी ते ऐकवलं. मला रस्त्यात अडवून म्हणाले, "मास्तर, गाठ स्वतःची वर्दी स्वतःच देते की!" मी शाळेला उशीर होतोय म्हणून सटकलो.

त्याच वर्षी माझा थोरला भाऊ मंद्रूपहून आला. दादा शेतकरी गडी, मूळव्याधीचं औषध घ्यायला आलेला. डॉक्टरांना सुगावा लागला आणि ते शौचाच्या नमुन्यासाठी पत्र्याची डबी घेऊन हजर झाले. दादा भडकला. "आसलं कुनी डबीत घालून देतं व्हय? मी न्हाय देनार." डॉक्टर आमच्या ओट्यावर मासिक उघडून बसले. दुसऱ्या दिवशीही सकाळी सकाळी येऊन बसले. अखेर दादानं लाजेनं लाल होत डबी माझ्या हातात कोंबली आणि म्हणाला, "दे बाबा त्येला, आनि उटव हितनं."

डबीत रक्त सापडलं, पुढच्या तपासणीत गाठ. मूळव्याध नव्हती, कॅन्सर होता. इथल्याच एका सर्जननं ऑपरेशन केलं. डॉक्टरांनी आधी आणि नंतर दादाचं रक्त मुंबईला नेलं. ते प्रथिन मोजणाऱ्या तिथल्या प्रयोगशाळेत त्यांचा वर्गमित्र होता. आधी चढलेला आकडा नंतर खाली आला. मग दर तीन महिन्यांनी बर्फाचा थर्मास मांडीवर घेऊन ते स्वतः गाडीत बसत. एकदा सहप्रवाशानं थर्मासमधलं घोटभर पाणी मागितलं. "यात रक्त आहे," डॉक्टर सरळ म्हणाले. मुंबईपर्यंत त्यांना पाय पसरून झोपता आलं.

तिसऱ्या वर्षी आकडा पुन्हा वर गेला. दादा ठणठणीत होता, तीन भाकरी खात होता. डॉक्टर म्हणाले, "विडीनंही हा चढतो. महिनाभर विडी सोडा, मग परत बघू." दादानं सोडली. आकडा मात्र आणखी चढला. बाकी तपासण्यांत काहीच दिसेना. आमच्या घरात डॉक्टर पहिल्यांदाच हळू आवाजात बोलले, "आकडा चुकू शकतो. आत काही नसेलही. पण माझा भाऊ असता तर मी पोट उघडायला सांगितलं असतं."

वहिनी पदर तोंडाला लावून रडायला लागली. दादानं मात्र फार वेळ लावला नाही. "तुमी माज्यापायी दोन दिस वट्ट्यावर बसला हुता, डाक्टरसायेब. तुमी सांगताय तर उगडा."

जुन्या टाक्यांजवळ बोराएवढी गाठ निघाली. अजून कुठे पसरली नव्हती, सगळी काढता आली. त्यानंतर दादा चौदा वर्षं जगला. दोन लेकींची लग्नं केली, विहीर पाडली, नातवाला खांद्यावर घेऊन मंद्रूपच्या बाजारात मिरवला. माझ्या भावाची ही वर्षं त्या माणसानं आम्हाला मिळवून दिली, आणि मी त्यांचे धड आभारही मानले नाहीत. मानायला गेलो की ते दुसऱ्या कोणाच्या तरी रक्ताबद्दल बोलायला लागत.

डॉक्टर वारल्यावर त्यांच्या पत्नीला भेटायला गेलो. दादाच्या दुसऱ्या ऑपरेशनचा विषय निघाला. मी म्हणालो, "काय खात्री होती हो त्यांना!"

बाई म्हणाल्या, "खात्री? त्या आठवड्यात अन्न गेलं नाही त्यांना. मला म्हणायचे, माझ्या सांगण्यावरून बऱ्या माणसाचं पोट कापताहेत, आत काही निघालं नाही तर त्याच्या बायकोला तोंड कसं दाखवू? ऑपरेशन चाललं होतं तेव्हा लॅबमध्ये आतून कडी लावून बसले होते."

आम्ही सगळे त्या वेळी दवाखान्याच्या व्हरांड्यात एकमेकांना धरून होतो. लॅब तिथून पाच मिनिटांवर होती. त्यांच्याजवळ जाऊन बसावं, हे आमच्यापैकी एकालाही सुचलं नव्हतं.