काचेतले बूट

त्या गायकानं माझं काही घोडं मारलं नव्हतं. तरी त्याच्या म्युझियमच्या दारात क्यूआर कोड स्कॅन करतानाच माझं डोकं तडकलं होतं.

लॉकडाऊन उठला होता, भारतात जायची विमानं मात्र बंदच होती. पुण्यात बाबा वारले, त्याला दोन महिने झाले होते. त्यांचे अंत्यसंस्कार मी इथं परदेशात, गिरावीनमधल्या आमच्या घरी किचनमध्ये उभी राहून फोनवर पाहिले. नवरा म्हणाला, "घरात कुढत बसू नकोस, ड्राइव्हला जाऊ." विद्यार्थी असताना तो टॅक्सी चालवायचा, तेव्हापासून त्याला हे कंट्री म्युझिकचं खूळ. मला त्या गाण्यांत गुरं, ट्रक आणि दारू यांपलीकडे काही ऐकू येत नाही.

पाच तास गाडीत बसून काय पाहिलं, तर एका माणसाची अडगळ. टोप्या, पट्टे, कान तुटलेला चहाचा मग. घामाचा डाग पडलेल्या हॅटवर वेगळा दिवा सोडलेला. आणि काचेच्या पेटीत त्याचे बूट, तळव्यांच्या वाळक्या चिखलासकट. तो चिखलसुद्धा जपलाय, असं तिथली म्हातारी व्हॉलंटियर कौतुकानं सांगत होती. माझ्या अंगाची लाही लाही झाली. बाबांच्या चपला ठेव, एवढंच मी भावाला सांगितलं होतं. नंतर तीनदा विचारलं, तीनदा त्यानं विषय बदलला.

तणतणत वळले आणि माझा पाय त्या पेटीला लागला. काही कळायच्या आत हात पेटीला लागून कपाळाला गेला. पाय लागला की नमस्कार करायचा, ही बाबांनीच लावलेली सवय. आणि मी ती खर्च केली कुठे, तर या बुटांवर.

"नो टचिंग, लव्ह," म्हातारी म्हणाली आणि सॅनिटायझर मारून माझी बोटं लागलेली काच पुसू लागली. नवरा मास्कआड हसला. त्याला तिथंच सोडून मी पार्किंगमध्ये आले आणि भावाला फोन लावला.

"बाबांच्या चपला कुठायत ते आत्ता सांग."

"तेराव्याला दिल्या, ताई. छत्री आणि चपला द्यायच्याच असतात. भटजी घरी यायला तयार नव्हते, मग सोसायटीच्या वॉचमनला दिल्या."

"मी ठेव म्हटलं होतं."

"तू इथं नव्हतीस."

या वाक्यासाठी मी त्याला अजून माफ केलेलं नाही. तेव्हा तर चांगलं फाडून खाणार होते. तोंडून भलतंच निघालं.

"त्याला होतात का?"

"थोड्या मोठ्या होतात. पण रोज घालतो."

"मग फोटो पाठव," मी म्हटलं. "त्याचा नको. नुसत्या पायांचा."