सीताबाईचा तापलेला ढीग

भिवंडीजवळच्या कोन गावात सीताबाईला सगळे वेडी म्हणायचे, आणि खरं सांगायचं तर तिनं तसं म्हणायला जागाही ठेवली होती. भिवंडीत मुनीरशेठच्या लूमवर, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात, ती झाडलोट करायची आणि मागांखाली साचलेली कापसाची रुई गोण्या भरभरून घरी आणायची. कापूस झाडाचाच, मातीत गेला तर बिघडलं कुठं, असं तिचं म्हणणं.

नवऱ्यामागं दहा गुंठे तिच्या नावावर राहिले होते. दीर काळूराम ते गोदामवाल्याला द्यायला टपलेला. शहाऐंशी साली तिनं वाफ्यात नुसती रुई पुरली. वांग्याची रोपं पिवळी पडली आणि रुई जशीच्या तशी. पुढच्या साली बाजारातली मासळीची डोकी-आतडी घातली, तर रोपं करपून गेली. गाव पोट धरून हसलं. चिडून ती सगळ्यांदेखत बोलून बसली, की पुढच्या दिवाळीपर्यंत पीक न्हाय आलं तर जमिनीच्या कागदावर अंगठा देते.

मग परसात तिला दिसलं ते बघून ती जागीच थबकली. सांडलेली रुई, मासळी आणि शेण जिथं एकत्र पडलं होतं, तिथं काळी भुसभुशीत माती झाली होती आणि त्यात भोपळ्याचा वेल आपोआप माजला होता. एकटी रुई कुजत नव्हती, एकटी मासळी जाळत होती, आणि तिन्ही मिळून सोनं! तबेल्यातनं शेण मागून आणून तिनं थरावर थर रचले.

पौषातल्या एका सकाळी ढिगातून वाफा निघाल्या. रुईला ठिणगी लागली की लूम कशी खाक होते, हे गावानं पाहिलेलं. शेजारीच काळूरामची पेंढ्याची उडवी. तो बोंबलत आला, लोकांनी ढीग उपसला, हंडेच्या हंडे पाणी ओतलं. सीताबाई कपाळाला हात लावून बसली. वर्ष गेलं, जमीन गेली.

पण आत ना ज्वाळा, ना निखारा. काळूरामनं हात घातला आणि चटका बसल्यासारखा मागं घेतला.

"वैनी, हे तर अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडासारखं तापलंय. आग कुठं हाय?"

"आग न्हाय, भावजी. कुजतंय ते."

रडत, शिव्या देत तिनं ढीग पुन्हा रचला. आणि नवल असं, की तो आधीपेक्षा जास्त तापला. लोकांनी केलेली उलथापालथ आणि पाणी त्याला मानवलं होतं. चैत्रापर्यंत त्यात रुईचा धागा उरला नाही, मासळीचा वासही नाही.

ते खत वाफ्यात पडलं आणि दिवाळीला वांग्यांनी फांद्या वाकल्या. काळूराम गोदामवाल्याला घेऊन आला, बांधावरनं लगडलेली वांगी बघितली, आणि माप न घेताच त्याला परत घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी नव्या ढिगापाशी शेणाची भरलेली पाटी होती. दिराच्या गोठ्यातलं शेण तिला मागूनही कधी मिळालं नव्हतं. सीताबाई पाटीकडे बघतच राहिली, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिची लूमवरची शिफ्ट चुकली.