साडेआठचे बंद दार

सुरतेत आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहत होतो. लांब पॅसेज, दोन्ही बाजूंना मिळून सहा बिऱ्हाडे. पाच गुजराती, सहावे आमचे. मी बँकेच्या बारडोली शाखेत होतो आणि सकाळी सहाच्या आत घर सोडत असे. पत्नीला त्या जूनमध्ये एका मराठी शाळेत सकाळच्या सत्रात वर्षभरासाठी जागा मिळाली होती. काम बरे झाले तर पुढे कायम करू, असे सांगितले होते. शाळा सातला भरे. मुलगी पाच वर्षांची, मुलगा अडीच वर्षांचा. साडेसहाला दोघांना समोरच्या दारात सोडायचे आणि दुपारी परत आणायचे, अशी व्यवस्था होती. समोरच्या बाई पन्नाशीच्या होत्या. सगळा मजला त्यांना मासी, म्हणजे मावशी, म्हणे, आम्हीही म्हणत असू.

ऑगस्टपर्यंत पत्नी दोनदा उशिरा पोहोचली. दोन्ही वेळा कारण एकच होते. मुले रात्री अकराला झोपत आणि सकाळी उठत नसत. मुलगा आंघोळीच्या पाटावर बसून रडे, मुलगी वेणी घालता घालता पेंगे. मुख्याध्यापिकांनी दोन्ही वेळा तोंडी समज दिली. तिसऱ्या वेळी लेखी देईन, असे त्या म्हणाल्या. लेखी समज म्हणजे कायम होण्याचा प्रश्न मिटला, हे आम्हा दोघांना कळत होते.

मुले उशिरा झोपत, कारण मजलाच उशिरा झोपे. जेवणे आटोपली की पॅसेजमध्ये खुर्च्या येत. बायका दुसऱ्या दिवसाची भाजी निवडत, पुरुष बनियनवर बसत, मुले या टोकापासून त्या टोकापर्यंत पळत. दारे सताड उघडी असत. कोणाचे मूल कोणाच्या घरात जेवले याची चौकशी होत नसे. मासींचे यजमान पलसाण्याच्या एका कापड रंगवायच्या डाइंग मिलमध्ये सुपरवायझर होते. ते आठला घरी येत. पॅसेजमधली बैठक हाच त्यांचा दिवसातला मोकळा वेळ होता.

आम्ही एका रविवारी ठरवले. साडेसातला मुलांची जेवणे. मग हातपाय धुणे, कपडे बदलणे. आठला गादी. गोष्ट एकच, आणि तीही रोज तीच, म्हणजे पुढे काय होणार याची उत्सुकता राहणार नाही. साडेआठला दिवा बंद, दार बंद. सोमवारपासून सुरू केले.

सोमवारी मुलगा तासभर दाराशी उभा राहून रडला. मंगळवारी अर्धा तास. बुधवारी दोघेही पावणेनऊला झोपली होती. आम्ही समाधानी होतो.

दरम्यान बाहेर जे घडत होते त्याचा आम्ही चुकीचा अर्थ लावला. सोमवारी रात्री मासींनी खिचडी-कढीचा डबा आणून दिला आणि तब्येतीची चौकशी केली. पत्नीने दार अर्धवट उघडून, सगळे ठीक आहे, असे सांगितले, डबा घेतला आणि दार लावले. मंगळवारी जिन्यात मासींचे यजमान मला म्हणाले, "आठ वागे तो मरघां सूए, भाई." आठला कोंबड्या झोपतात. मी हसलो. गुरुवारी खुर्च्या पॅसेजच्या दुसऱ्या टोकाला गेल्या. आमच्या मुलांसाठीच सरकवल्या असतील, असे मी समजलो आणि पत्नीला तसे बोललोही.

शुक्रवारी सकाळी मासींनी पत्नीला सांगितले की सोमवारी त्या भावाकडे नवसारीला जाणार आहेत. परत कधी येणार हे नक्की नाही. मुलांचे काहीतरी बघून ठेवा.

मी बारडोलीहून आल्यावर पत्नीने हे सांगितले. नवसारी तासाभरावर आहे, मी म्हणालो, दोन दिवसांत येतील. ती म्हणाली, "त्या कुठेही जाणार नाहीत. त्यांना आपला राग आलाय."

तिचे बरोबर होते. त्या मजल्यावर संध्याकाळी दार दोनच कारणांनी लागत असे. घरात आजारी माणूस असेल तर, किंवा शेजाऱ्यांशी बोलणे बंद करायचे असेल तर. पहिले कारण पत्नीने स्वतःच नाकारले होते. उरले दुसरे.

त्याच संध्याकाळी ती मासींकडे गेली. मी दारात उभा होतो. शाळा, सातची घंटा, दोनदा मिळालेली तोंडी समज, तिसरी लेखी, हे सगळे तिने आपल्या मराठी वळणाच्या गुजरातीत क्रमाने सांगितले. शाळेतली ही गोष्ट आम्ही तोवर कोणाजवळ बोललो नव्हतो. कमीपणा वाटत होता. मासी भाजी निवडत ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "पहेलां केम न बोल्यां? छोकरां सुवडाववां तो मने आवडे छे. बारणुं बंध करवानी शी जरूर?" आधी का नाही बोललात? मुले निजवणे मला येते, त्याला दार कशाला लावायला हवे?

पत्नीने माफी मागितली. मासींनी ती न ऐकल्यासारखे केले आणि मुलाला आत बोलावून घेतले.

शनिवारी दार उघडे राहिले, फक्त जाळी ओढलेली. साडेआठला मासींनी पॅसेजमधला आमच्या बाजूचा बल्ब बंद केला. खुर्च्या पुन्हा मधोमध आल्या होत्या. यजमान मोठ्याने हसले तेव्हा मासी म्हणाल्या, "धीमे. बेननी नोकरी छे." दोन बिऱ्हाडांनी कुरकुर करत आपली मुले आत नेली. शेवटच्या घरातला मुलगा तीनचाकी फिरवत राहिला, त्याला कोणी आवरू शकले नाही. बाहेरचे बोलणे आत हलकेच ऐकू येत होते. मुलगी म्हणाली की मासी बाहेरच आहेत ना, आणि कुशीवर वळली. दोघे झोपली तेव्हा नऊ वाजून गेले होते. साडेआठ कधीच जमले नाही. नऊवर आम्ही तडजोड केली.

सोमवारी मी निघालो तेव्हा समोरचे दार उघडे होते आणि आत चहाचे आधण ठेवलेले होते. नवसारीचा विषय मासींनी काढला नाही, पत्नीनेही नाही. साडेसहाला मुलगा जागा होता आणि स्वतःच्या पायांनी पॅसेज ओलांडून गेला. पत्नीने सात वाजायला दहा मिनिटे असताना हजेरीपटावर सही केली. पुढच्या जूनमध्ये तिला कायम केले.