मसुद्यावर बांधलेली गाडी

शेवटच्या वर्षाला असताना मी आमच्या कॉलेजच्या रेसगाडीच्या टीमचा कप्तान होतो. विद्यार्थ्यांनी गाडी स्वतः बांधायची आणि स्पर्धेला न्यायची. तिथे तपासनीस ती नियमपुस्तकाशी ताडून बघणार, पटली तरच ट्रॅकवर सोडणार. नियमपुस्तक दरवर्षी नवं, आणि ते यायचं गणपतीच्या सुमारास. आम्हाला मात्र मे महिन्यातच हात शिवशिवायचे. मधल्या काळात शहाणी माणसं आराखडे काढतात. मी पाइप कापले.

झालं असं, की त्या उन्हाळ्यात आयोजकांनी नव्या नियमांचा मसुदा सूचनांसाठी काढला. ड्रायव्हरच्या दोन्ही अंगांना जे जाड पाइप लागतात, ते पातळ चालतील असं त्यात होतं. पातळ म्हणजे गाडी हलकी. मी तेवढंच वाचलं. प्रत्येक पानावर आडव्या फिकट अक्षरांत ‘मसुदा’ असं छापलेलं होतं. झेरॉक्सवाल्याला म्हटलं, “हे मधलं पुसट काढता आलं तर बघा, वाचताना डोळ्यात येतं.” त्याने बिचाऱ्याने काढून दिलं.

आमची ड्रायव्हर माझ्याच वर्गातली. तीन वर्षं दुसऱ्यांसाठी टायर बदलून आता कुठे तिला सीट मिळणार होती, आणि पुढच्या वर्षी ती कॉलेजात नसणार होती. तिने विचारलं, “पक्कं आहे ना हे? माझ्याच बरगड्यांपाशी येऊन राहिले हे पाइप.”

“स्पायरल बाइंडिंग केलंय,” मी म्हणालो.

सांगाडा जोडायला दिला हिंगण्याच्या एका शेडमधल्या वेल्डरकाकांकडे. त्यांनी आठवड्याभरात सगळ्या पाइपांना टाके मारले, म्हणजे पाइप जागेवर धरून ठेवण्यापुरते ठिपक्याएवढे जोड. पक्कं वेल्डिंग मात्र पुढे सरकेना.

“गॅस संपला गा.”

मग जोडीदार गावाला गेला. मग मशीन तापून राहिली. मी टीममध्ये जाहीर केलं की हा आळशी माणूस आपली गाडी बुडवणार. एकदा तर शेडमध्ये उभं राहून मी काकांना वेळेच्या नियोजनावर व्याख्यान दिलं. त्यांनी ते चहा संपेपर्यंत ऐकलं आणि म्हणाले, “बरोबर आहे तुहं.” शेवटी ऑगस्टात मी रोज फोन करायला लागलो, तेव्हा ते म्हणाले, “झालं समज.” मी टीमला पेढे वाटले.

पेढ्यांच्या दुसऱ्याच आठवड्यात पुस्तक आलं. कॅन्टीनमध्ये तर्रीपोहे खाता खाता ड्रायव्हरने ते मोबाइलवर उघडलं. तिचा चमचा थांबला.

“पातळ पाइप पुढच्या वर्षीपासून,” ती म्हणाली. “तू पुढच्या वर्षीची गाडी बांधलीस. आता तिच्यात बसायला मी नापास होऊ का?”

पक्के जोड कापायला गेलं की सांगाडा वाकतो. नवा बांधायला ना पाइप उरले होते, ना दिवस. मोटरसायकलवर तिला मागे बसवून मी हिंगण्याला निघालो. वाटभर एकच प्रार्थना चालली होती: देवा, मी म्हणत होतो तेवढा तो माणूस आळशी निघू दे.

शेडमध्ये सांगाडा उभा होता. दिसले ते सगळे जोड भरलेले, एकसारखे, सुंदर. मी दारातच थांबलो. ड्रायव्हर मात्र वाकून बघत होती.

“काका, हे बाजूचे पाइप टाक्यांवरच आहेत.”

“हाव. तेवढेच ठेवले.”

“काहून?” मी विचारलं.

“किती वर्सं झाले, तुमच्या कॉलेजचं काम करून राहिलो. मे महिन्यात नाचत येता, गणपती झाले का कापायले येता. तुहं पुस्तक पाहिलं मी. मागच्या साली जाड होते, औंदा पातळ. म्हटलं, हे दोन राहू दे.”

“मग मला का नाही सांगितलं?”

“तू वेळेचं समजावून राहिला होता ना बाप्पा. मधात कसं बोलू?”

त्यांनी ग्राइंडर उचलला, माझ्याकडे बघितलं, आणि तो ड्रायव्हरच्या हातात दिला. चार टाके तिनेच कापले. काकांकडे मागच्या वर्षीचे उरलेले जाड पाइप त्या जागी बसले. स्पर्धेत तपासनिसाने त्यांना माप लावलं, कागदावर खूण केली आणि तो पुढे गेला. ड्रायव्हरने गाडी पूर्ण शर्यत पळवली.

परतल्यावर मी काकांकडे पेढे घेऊन गेलो, या वेळी खरे. म्हटलं, “पुढच्या कप्तानाला सगळं नीट सांगून ठेवतो.”

“काही सांगू नको गा,” काका म्हणाले. “ऐकणार हाये का तो? येऊ दे त्याले मे महिन्यात. माहा गॅस संपलेलाच राहीन.”