गिरजाबाई गाडीचे कल्ले बघते

मूल गावच्या बाजारात गिरजाबाईच्या टोपलीसमोर उभं राहून "मासा ताजा आहे का?" असं विचारायची कोणाची छाती होत नाही. विचारलंच, तर ती अशी बघते की गिऱ्हाइकाला आपणच शिळे असल्यासारखं वाटायला लागतं. नवरा शालिकराम गावच्या तलावात जाळं टाकतो आणि ही विकते, याला पंचवीस वर्षं झाली. पण मोबाइलवर जुन्या गाड्यांच्या जाहिराती यायला लागल्यापासून तिच्याकडे आणखी एका जातीचं गिऱ्हाईक येतं. ते मासा घेत नाही. फोन पुढे करतं आणि म्हणतं, "काकू, जरा पाहा न, ही गाडी कशी वाटते?"

गिरजाबाईला गाडी चालवता येत नाही. सायकलसुद्धा नाही. जाहिरातही दुसऱ्यानं वाचून दाखवावी लागते, कारण तिचा चष्मा कायम घरी राहिलेला असतो. (घरच्यांनी तो अजून पाहिलेला नाही.) तरीही तिनं नापास केलेली गाडी घेऊन सुखी झालेला एक माणूस तालुक्यात दाखवा.

तिचं सगळं शास्त्र टोपलीतलं. फोटोत गाडी ओली चमकत असली की ती म्हणते, "पाणी मारलं हिच्यावर. शिळ्या माशावर मारते तसं. कोरडी करून दाखव म्हणा." खाली 'अर्जंट विकणे आहे' असं असलं की, "बर्फ संपला वाटते त्याचा." आणि प्रत्यक्ष गाडीपाशी गेली की आधी बोनेटवर तळहात ठेवते. गरम लागलं की विकणाऱ्याला विचारते, "आमी यायच्या आधीच चालू करून ठेवली काय भाऊ? थंडीत खोकते वाटते." मग माशाचा कल्ला उचलून बघावा तसं बोनेट उघडायला लावते. विकणारे आधी हसतात. मग हसत नाहीत.

अशा या बाईवर यंदा स्वतःच्या घरची गाडी बघायची पाळी आली. मुलगी डिंपल नर्स झाली, गाडी चालवायलाही शिकली आणि तिची नेमणूक वैनगंगेपलीकडे, गडचिरोलीच्या जंगलातल्या एका उपकेंद्रात झाली. एक तारखेला हजर व्हायचं होतं. बस दिवसातून दोनदा, तीही तिच्या मर्जीनं. संध्याकाळी त्या रस्त्यावर वाघ फिरायला निघतो, त्यामुळे स्कूटीवर जायला शालिकरामनं साफ नकार दिला होता. "पोरगी सुया टोचाले जाऊन राह्यली, वाघाले जेवण पोचवाले नाई," तो म्हणाला. गाडी मिळाली तर नोकरी, नाहीतर नाही, इतकं ते सरळ होतं. हातात आठ दिवस होते.

पहिली गाडी वरोऱ्याला. जाहिरात वाचूनच डिंपल विरघळली होती : एकच मालक, घरगुती वापर, नव्यासारखी. मालक गुणवंतराव म्हणजे साखरेत घोळलेला माणूस. चहा दिला, चिवडा दिला, गाडी अशी पुसून ठेवलेली की तिच्यात बघून भांग पाडावा. आत अत्तराचा घमघमाट.

"आई, घेऊन टाकू न," डिंपल कानात कुजबुजली.

"थांब वो पोट्टे. मोगऱ्याचा मासा मी अजून खाल्ला नाई."

गिरजाबाई मागच्या सीटवर जाऊन बसली. सीट-बेल्ट पकडला आणि जाळं ओढावं तसा शेवटपर्यंत बाहेर ओढला. शेवटच्या हातभर पट्ट्यावर मातकट डाग होते. तो भाग तिनं नाकाशी धरला आणि डोळे मिटले.

"भाऊ, हे गाडी नदीत काऊन गेली होती?"

गुणवंतरावांनी चिवड्याची बशी पुन्हा पुढे केली. "नदीत? नाही हो बाई. जरा... अंगणात पाणी आलं होतं."

"अंगणातलं पाणी असं नाई वासत. हा पुराचा गाळ होय. तळ्याच्या माशाचा वास वेगळा, नदीच्या माशाचा वेगळा. माझं नाक पंचवीस वर्षांपासून हेच काम करून राह्यलं." ती उतरली आणि गाडीच्या टपावर प्रेमानं थाप मारली. "पोहून आली बिचारी. आता तिले आराम करू द्या."

परतीच्या बसमध्ये डिंपल रुसून बसली होती. मूल यायच्या आत तिनं आईच्या खांद्यावर डोकं टेकवलं.

तारीख जवळ येत गेली. फोटो येत होते, नापास होत होते. शेवटी दोन दिवस उरले असताना डिंपलनं ऊर्जानगरची एक जाहिरात वाचून दाखवली : 'डाव्या दाराला पोचा आहे. मागची काच हातानं ढकलावी लागते. बाकी गाडी इमानी.' फोटोत गाडी धुळीनं माखलेली.

"चाल," गिरजाबाई म्हणाली. "जो आपल्या माशाचा खवला गळालेला सांगते, त्याचा मासा सडका नसते."

मालकीण माधवी वीज केंद्रात नोकरीला होती, कर्मचाऱ्यांच्या क्वार्टरमध्ये राहायची. बोनेट थंडगार होतं. गाडी एका झटक्यात चालू झाली. बेल्टला वास होता तो खोबरेल तेलाचा. सोबत नेलेल्या मिस्त्रीनंही मान डोलावली आणि तो त्याच्या कामाला निघून गेला. माधवीनं किंमत सांगितली आणि म्हणाली, "यात कमी होणार नाही, काकू."

आता मासळीबाजाराची एक रीत आहे. गिऱ्हाइकानं नाक मुरडायचं, दहा पावलं चालून जायचं, मग विकणारीनं "अवो बाई, या इकडे!" अशी हाक मारायची. सौदा त्या हाकेत होतो. गिरजाबाईनं नाक मुरडलं. "मंग राहू द्या," म्हणाली आणि निघाली. दहा पावलं झाली. वीस झाली. फाटक आलं. बसथांबा आला. हाक काही आली नाही.

"आई, ते बाजारातली बाई नाई. तिनं दार लावून घेतलं," डिंपल रडवेली झाली.

"येते थांब. पायात चप्पल घालून राह्यली असन."

तेवढ्यात मोटारसायकलवरून दोघं आले. एकानं फोनमधला फोटो डिंपलसमोर धरला. "ताई, हे क्वार्टर कुठी आलं?" फोटोत तीच गाडी, तोच पोचा.

डिंपलनं प्रामाणिकपणे रस्ता दाखवायला हात उचलला. गिरजाबाईनं तो धरून उलट्या दिशेला वळवला, आणि लग्नानंतर पहिल्यांदाच धावली. पदर खोचून, चपला हातात घेऊन, कंपनीच्या बसची वाट बघत असलेल्या अख्ख्या रांगेसमोरून. माधवीनं दार उघडलं तेव्हा ती उंबऱ्यावर धापा टाकत होती.

"हाक काऊन नाई मारली वो?"

"मला वाटलं तुम्हाला पसंत नाही पडली!"

"पसंत पडली म्हणून तर गेली न माय!"

माधवीला हे कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा ती दाराला धरून हसली. मोटारसायकलवाले सगळी कॉलनी फिरून पोचले, तोवर माधवीनं सांगितलेल्या किमतीला, एक शब्द न बोलता, गिरजाबाईनं गाडी घेतली होती. आयुष्यात तिनं घासाघीस न करता घेतलेली ही एकच वस्तू.

एक तारखेला सकाळी पोचेवाली गाडी तलावाच्या पाळीवरून निघाली. आत पांढऱ्या गणवेशातली डिंपल, दोन्ही हात स्टिअरिंगवर, मान ताठ. शालिकराम कमरेइतक्या पाण्यात जाळं धरून उभा होता. त्याचं जाळं तसंच राहिलं. पाळीवर गिरजाबाई होती.

पलीकडच्या वस्तीवरचा एक म्हातारा थांबला. "कोणाची गाडी गेली वो ते?"

"सिस्टरबाईची," गिरजाबाई म्हणाली. माझ्या पोरीची, असं ती म्हणालीच नाही. धूळ खाली बसेपर्यंत ती रस्त्याकडे बघत राहिली, आणि त्या दिवशी बाजाराला अर्धा तास उशिरा गेली.