मॅचिंगवाल्या रामकिसनची नजर

गुलमंडीतल्या मॅचिंगच्या दुकानात रामकिसन सत्तावीस वर्षं उभा होता. उभाच म्हणायचं, कारण बसलेलं त्याला कुणी पाहिलं नव्हतं. गिऱ्हाईक बाई आली की तो तिच्या साडीचा पदर घेऊन पायरीवर, उन्हात यायचा, डोळे बारीक करायचा आणि आत जाऊन शंभर फॉलांतून नेमका एक काढायचा. ट्यूबलाइटखाली रंग बघणाऱ्यांचा त्याला मनस्वी राग. गाजरी आणि कांदा कलर यांतला फरक न कळणाऱ्यांबद्दल तो जे बोलायचा, त्यातून खुद्द मालक आप्पासाहेबही सुटत नसत. सिल्लोडहून बायका खास त्याच्यासाठी यायच्या, आणि हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

चार वर्षांपूर्वी त्याला शुगर निघाली. निघाली तर निघाली, म्हणून त्याने चहातली साखर सोडली. त्याची बायको सरूबाई रोज सकाळी त्याच्या हातावर गोळी ठेवायची आणि पाण्याचा तांब्या पुढे करायची. सगळं सुरळीत चाललं होतं. यंदा दिवाळीनंतर मात्र काहीतरी बिनसलं, आणि काय बिनसलं ते त्याला सांगता येईना.

सकाळी जाग यायची, पण उठावंसं वाटायचं नाही. घरची भाकरी नकोशी झाली, आणि दुपारी मात्र तो शेजारच्या हॉटेलातली भजी चव न घेता खात बसायचा. पायरीवर यायचं त्याने सोडलं. एक दिवस गीताबाईंच्या चिंतामणी निळ्या रंगाच्या साडीला त्याने सरळ जांभळा फॉल दिला. गीताबाई जुनं गिऱ्हाईक, त्या दुसऱ्या दिवशी परत आल्या.

"रामकिसनभाऊ, हे तुमी दिलं?"

"चालतंय की," तो म्हणाला.

त्याच्या तोंडून 'चालतंय' हा शब्द आप्पासाहेबांनी पहिल्यांदाच ऐकला. ते घाबरलेच. "रामकिसन, शुगर डोळ्यात उतरली तुझ्या. आधी तपासून ये. नजरच नसली तर मॅचिंग कुठलं आन् तू कुठला?"

रामकिसन डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेला. त्यांनी थेंब घातले, भिंगातून पडदा पाहिला, रंगीत ठिपक्यांत लपलेले आकडे वाचायला लावले. त्याने ते भराभर वाचून टाकले. डोळे उत्तम आहेत, असं डॉक्टर हसून म्हणाले.

यावर माणसाने खूश व्हावं. रामकिसन आणखीच खचला. डोळे गेले असते तर निदान दुखण्याचं नाव तरी सांगता आलं असतं, असं त्याच्या मनात आलं, आणि आपण हा काय विचार करतोय म्हणून त्याला स्वतःचीच शरम वाटली. रंग दिसत होते. गाजरी गाजरीच होता आणि कांदा कांदाच. फक्त त्यांत फरक असला काय आणि नसला काय, असं वाटायचं. हा कुठला आजार?

मग तो शुगरच्या डॉक्टर मनस्विनीबाईंकडे गेला. तीन महिन्यांची शुगर दाखवणारा आकडा रिपोर्टात चांगलाच चढलेला होता.

"गोळी घेता ना?"

"घेतो," तो टेबलाकडे बघत म्हणाला.

बाई रागावल्या नाहीत. त्यांनी वेगळंच विचारलं. "शेवटचं मनापासून काय आवडलं तुम्हाला?"

रामकिसन आठवत बसला. काहीच आठवेना. मग बराच वेळ प्रश्न विचारून बाई म्हणाल्या, "हे डिप्रेशन वाटतंय. शुगर असलेल्या लोकांत ते जास्त आढळतं. ते आलं की पथ्य, चालणं, औषध सगळं सुटतं, आणि मग शुगर आणखी वाढते."

"म्हंजे शुगरनं हे झालं, का ह्याच्यानं शुगर वाढली?"

"ते नक्की नाही सांगता येणार. दोन्ही एकमेकांना ओढतात. उपचार दोन्हींवर करू." त्यांनी मानसोपचारतज्ज्ञांच्या नावे चिठ्ठी लिहून दिली.

सत्तावीस वर्षं एका साडीला एकच फॉल देणाऱ्या माणसाला हे उत्तर काही पटेना. रिक्षात बसून त्याने चिठ्ठी चारदा उलटीसुलटी करून पाहिली.

घरी सरूबाई वाटच बघत होती. "काय म्हणले डॉक्टर?"

"डोळे चांगलेत."

"मग?"

त्याने चिठ्ठी पुढे केली. "मनाच्या डॉक्टरकडं जा म्हणल्या."

तिने ती हातात घेतली. "लोकाला काय सांगायचं?"

"शुगर म्हण. शुगर समद्यांना कळती."

"लोकाला सांगते तसं. मला काय सांगता?"

रामकिसन उठला. दुकानात न्यायच्या पिशवीतून त्याने बटणांची एक प्लास्टिकची डबी काढली आणि तिच्यापुढे ठेवली. तिने झाकण उघडलं. आत शुगरच्या गोळ्या होत्या, दोन महिन्यांच्या तरी असतील.

"इसरत व्हता व्हय?" सरूबाईने घाईने विचारलं. तो हो म्हणेल, अशी तिला आशा होती.

हो म्हणणं सोपं होतं. "नाय सरू. रोज ध्यानात व्हतं. मुठीत धरून नुसतं पाणी प्यायचो. घ्यावीशीच वाटत नव्हती. का, ते मला बी कळंना."

रोज पाणी तिनेच दिलं होतं. रोज घोट घेताना तिने पाहिलं होतं. सरूबाईचे डोळे भरले. चिठ्ठीची घडी करून तिने स्वतःच्या पर्समध्ये ठेवली.

"उद्या मी येते संगं," ती म्हणाली. "आन् मला आज सांगितलं तसंच तिथं सांगायचं."